गावरान × अमेरिकन : काकांचं वांझ झाड आणि दुप्पट जनुकांचा घोळ

वणीकर (१२ ऑक्टोबर)

हा चर्चेचा धागा 'शेती' विभागात टाकावा की 'विज्ञान' विभागात, कळेना. संपादकांनी हलवला तरी चालेल.

माझे काका यवतमाळमधल्या वणीजवळ कापूस करतात. तरुणपणी काही हंगाम त्यांनी जालन्याकडे बीजोत्पादनाच्या प्लॉटवर क्रॉसिंगचं काम केलं. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसराची नळी एका झटक्यात सोलून काढायची, मधल्या काडीवर कागदी पिशवी चढवायची, आणि सकाळी नराचं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं. हात अजून तसाच चालतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात आलं की गावरान, म्हणजे देशी कापसाला तुडतुड्यांचा त्रास कमी, पाण्याची ओरड कमी. अमेरिकनचा धागा लांब, बोंड मोठं. मग दोघांचं लावून का देऊ नये? बांधावर गावरानची चार झाडं होतीच. अमेरिकन मादी, गावरान नर. हंगामभरात शंभरावर फुलं क्रॉस केली. जवळजवळ सगळी बोंडं आठवड्याभरात गळली. एक टिकलं. त्यात तीन सरक्या, दोन पोचट. तिसरी उगवली.

ते झाड आता दुसऱ्या वर्षात आहे. काकांनी उपटू दिलं नाही. माझ्या डोक्याच्या वर गेलंय. पानं दोघांच्या बरोबर मधली, ना गावरानसारखी बोटं फाकलेली, ना अमेरिकनसारखी रुंद. पण फुलाच्या बुडाशी गावरानचा लाल ठिपका, तो काही अर्धा नाही, चांगला ठसठशीत. फुलं शेकड्यांनी. बोंड एकही नाही. काकांचं म्हणणं, "झाड त लय भारी वाढलं, पण पदरात काहीच टाकत नाही ना बे."

चुलतभाऊ बीएस्सी अ‍ॅग्रीला आहे. तो म्हणाला, याची गुणसूत्रं दुप्पट केली की बोंड धरेल. आता माझ्या मनात आलं ते असं, की दुप्पट केली तर सगळी जनुकं दुप्पट. मग कापूसही दुप्पट? आणि दोन वेगळ्या झाडांचे गुणसूत्रांचे संच एका पेशीत आल्यावर कोणाचं चालणार हे ठरवतं कोण? पान मधलं आणि ठिपका पूर्ण, हा न्याय कुठला?

टवाळ

संकर आंतरजातीय आहे. सरकारी प्रोत्साहन अनुदानासाठी अर्ज केला का?

सरकीशास्त्री

वणीकर, काकांना माझा नमस्कार सांगा. कापूस पैदाशीत उभी हयात गेली. शंभर फुलांत एक सरकी हा निकाल वाईट नाही, आमच्याकडे पगारी माणसांना यापेक्षा कमी मिळालेला आहे.

बोंड का नाही, तेवढं आधी. गावरान कापसाची गुणसूत्रं २६. अमेरिकनची ५२. परागकणात आणि अंड्यात अर्धी जातात, म्हणून तुमच्या झाडात २६ अधिक १३, म्हणजे ३९. आता खरी मेख इथे आहे. अमेरिकन कापूस स्वतःच दोन घरांचा आहे. त्यातली २६ गुणसूत्रं गावरानच्या गोतातली, त्यांना आम्ही 'ए' म्हणतो. उरलेली २६ अमेरिकेतल्या रानटी कापसाच्या गोतातली, ती 'डी'. तुमच्या झाडात १३ ए अमेरिकनकडून, १३ ए गावरानकडून, आणि १३ डी एकटीच. बीज तयार होताना गुणसूत्रांनी जोड्या लावायच्या असतात. ए-ए ची जोडी कशीबशी लागते, डी बिचारी जोडीदाराविना कुठेही जाऊन पडतात. परागकण पोचट, अंडं पोचट. म्हणून फुलं शेकड्यांनी आणि बोंड शून्य.

काकांना हेही सांगा की त्यांनी जे लग्न लावायला घेतलं, ते एकदा होऊन गेलंय. १० ते २० लाख वर्षांपूर्वी ए गोताचा कापूस आणि डी गोताचा कापूस अमेरिका खंडात कुठेतरी एकत्र आले, त्यांच्या संकराची गुणसूत्रं दुप्पट झाली, आणि आजच्या अमेरिकन कापसाचा पूर्वज जन्मला.

शंकासुर

१० लाख वर्षांपूर्वी बघायला कोण होतं? आणि ए गोत आशिया-आफ्रिकेतलं असेल तर ते अमेरिकेत गेलं कसं?

टवाळ

सरकीला व्हिसा लागत नाही. आम्ही मात्र तीन वर्षं रांगेत.

सरकीशास्त्री

शंकासुर, पुन्हा करून बघितलं की खात्री पटते ना? बीसली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आशियातला देशी कापूस आणि अमेरिकेतला रानटी डी कापूस यांचा संकर केला, त्याची गुणसूत्रं कोल्चिसीन लावून दुप्पट केली, आणि ते झाड अमेरिकन कापसाशी क्रॉस केलं. जमलं. हे १९४० सालचं. समुद्रावरून सरकी वाहत गेली असं बहुतेकांचं मत आहे, रानटी सरकी खाऱ्या पाण्यात बराच काळ टिकते.

जास्वंदी

कापूस माझ्या आयडीच्याच कुळातला, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. मी अमेरिकेत, आयोवात वनस्पतिशास्त्रात काम करते, कापसावर नाही, पण याच प्रश्नाच्या अवतीभवती.

वणीकर, तुमच्या भावाचं वाक्य अर्धं बरोबर आहे. दुप्पट केलं की जोडीदार मिळतात आणि झाड फळतं. पण जनुकं दुप्पट म्हणजे काम दुप्पट, असं होत नाही. गुणसूत्रं दुप्पट झाली की पेशीही मोठी होते. जनुकांची प्रत दुप्पट, त्यातून निघणारा माल साधारण दुप्पट, पण भांडंही मोठं. आमटीत मीठ दुप्पट घातलं आणि पाणीही दुप्पट, तर खारटपणा तेवढाच. मक्याची एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट अशी झाडं शेजारी ठेवून मोजलंय, बहुतेक जनुकांचं प्रमाण असंच राहतं. म्हणून एकाच जातीचं झाड नुसतं दुप्पट केलं तर पानं जाड, फुलं मोठी, वाढ जरा सुस्त, आणि उत्पन्नात फारसं काही नाही.

गंमत सुरू होते ती दोन *वेगळे* संच एकत्र आल्यावर. दोन जावा एका स्वयंपाकघरात आल्या असं समजा. दोघींना पोळ्या येतात, दोघींना आमटी येते. मग रोज दुप्पट पोळ्या होत नाहीत. कधी दोघी मिळून करतात, कधी एक करते आणि दुसरी बसून राहते, आणि काही घरांत पोळ्या एकीच्या, आमटी दुसरीची असं कायमचं ठरून जातं.

कापसात हे अगदी असंच दिसलंय. इथल्याच जोनाथन वेंडेल यांच्या गटाने २००३ मध्ये एका जनुकाच्या ए आणि डी प्रती फुलाच्या वेगवेगळ्या भागांत तपासल्या. काही भागांत ए ची प्रत चालू आणि डी ची गप्प, दुसऱ्या भागांत नेमकं उलटं. एकाच फुलात! दोन्ही प्रती धडधाकट, कुठलीही मोडलेली नाही. नुसतं कोणी कुठे बोलायचं याचं वाटप झालेलं. आणि प्रयोगशाळेत नव्याने दुप्पट केलेल्या संकरातही तशी वाटणी दिसली. म्हणजे सगळं लाखो वर्षांत सावकाश ठरलेलं नाही, काही गोष्टी उंबरठा ओलांडतानाच ठरतात.

मीनल_साताऱ्याची

माझ्या सासरी आमटी कायम मोठ्या जाऊबाईंची. जनुकांवर ढकलता येईल का?

शंकासुर

जावांची उपमा गोड आहे, पण दिशाभूल करते. जनुकं काही बसून वाटाघाटी करत नाहीत. यंत्रणा काय ते सांगा.

जास्वंदी

मान्य, उपमा तिथेच संपते. यंत्रणा सांगते.

प्रत्येक जनुकाच्या दाराशी एक पाटी असते आणि ती वाचून जनुक चालू करणारी प्रथिनं असतात. एकट्या झाडात पाटी आणि वाचणारा एकाच घरचे. संकरात ए घरचा वाचणारा डी घरची पाटीही वाचतो, आणि उलटही. काही वाचकांना परकी पाटी जास्त सुवाच्य वाटते, काहींना लागतच नाही. फरक पडायला एवढंही पुरतं.

दुसरं म्हणजे कुलुपं. डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात, मिथाइल गट. त्या लागल्या की जनुक झोपतं. या खुणा मुख्यतः उड्या मारणाऱ्या उपद्रवी डीएनएला गप्प ठेवण्यासाठी असतात. ए संचात हा पसारा प्रचंड आहे, म्हणून ए संच डी च्या जवळपास दुप्पट लांब, जनुकं मात्र दोघांत साधारण सारखीच. ज्या जनुकाच्या शेजारी असला पसारा, त्याच्यावर कुलपाचे शिंतोडे उडतात. दोन संच पहिल्यांदा भेटतात तेव्हा ही कुलूपव्यवस्था काही काळ गडबडते. असं उड्या मारणारं डीएनए शोधणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी याला जनुकसंचाला बसलेला धक्का म्हटलं होतं.

आता ठिपका आणि पान. रंगाच्या बाबतीत मुख्य कळ एकदा दाबली गेली की पुढचा सगळा कारखाना चालू होतो, एक चालू प्रत पुरते. त्यामुळे गावरानकडून आलेली एकच प्रत पूर्ण ठिपका देते. पानाच्या कातरण्यात मात्र किती माल तयार होतो यावर आकार ठरतो. अर्धा माल, अर्धी कातर. म्हणून पान मधलं. न्याय एकच आहे, वणीकर, खटले वेगळे.

एक बारकावा राहिला. तुमचं झाड *संकर* आहे पण *दुप्पट* झालेलं नाही. धाग्यात दोन गोष्टी मिसळतायत. एकत्र येण्याचा धक्का त्या झाडाने खाल्लाय, त्याच्या जनुकांत उलथापालथ झालेली असणारच. दुप्पट होण्याची पायरी बाकी आहे.

उसातला_कोल्हा

तुम्ही ३९ आणि ५२ मोजत बसलाय. आमच्या उसात शंभराच्या वर गुणसूत्रं, आणि वाणागणिक आकडा वेगळा. जाड गोड ऊस आणि बारीक रानटी ऊस यांचा संकर १९१२ मध्ये कोइमतूरला झाला, त्यातून को २०५ हा वाण आला. तेव्हापासून सगळा ऊस त्याच खटाटोपाचा वंश. माझ्या शेतातला को ८६०३२ ही तसाच. एका जनुकाच्या आठ-दहा प्रती. कोण बोलतंय आणि कोण गप्प, ब्रह्मदेवाला माहीत.

पण आम्हाला बोंड धरायची चिंता नाही. कांडी लावली, झालं. वणीकर, काकांना सांगा, ऊस लावा.

वणीकर

यवतमाळात ऊस? काकांनी ऐकलं तर मला बांधावर उभं करतील.

खपलीची_खीर

विषयांतर आहे पण राहवत नाही. खपली गहू आणि आपला रोजचा लोकवन यांतही असाच फरक आहे ना? खपलीला दोन संच आणि लोकवनला तीन?

सरकीशास्त्री

बरोबर. खपली आणि बन्सी २८ गुणसूत्रांचे, पोळीचा गहू ४२ चा. ए, बी आणि डी. हा डी कापसाचा डी नव्हे, नुसतं नावसाधर्म्य. पोळीच्या गव्हात तिसरा संच आला तो एका रानगवताकडून.

जास्वंदी

खपली ताई (की दादा?), यातली एक गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरातली आहे. गव्हाचा दाणा मऊ ठेवणारी दोन जनुकं आहेत. ए आणि बी संच एकत्र आले तेव्हा त्या संचांतली ही जनुकं गळून गेली. म्हणून बन्सी आणि खपली दगडासारखे कडक, त्यांचा रवा छान निघतो, पीठ दळायला गिरणीवाला कुरकुरतो. रानगवताच्या डी संचाबरोबर ती दोन जनुकं परत आली आणि दाणा मऊ झाला. दोन जनुकांमुळे एकीकडे बन्सी रव्याचा शिरा आणि दुसरीकडे मऊसूत पोळी.

२०१८ मध्ये पोळीच्या गव्हातल्या तिन्ही संचांचा मोठा हिशोब प्रसिद्ध झाला. एकाच जनुकाच्या ए, बी, डी अशा तीन प्रती घेतल्या तर साधारण ७० टक्के त्रिकुटांत तिघी सारखंच काम करतात. उरलेल्या ३० टक्क्यांत एक जास्त बोलते किंवा एक गप्प असते. म्हणजे मघाशी मी भांडकुदळ घराचं चित्र रंगवलं, पण बहुतेक घरं सुखी आहेत.

तिघी सारखं काम करतात याचा तोटाही आहे. गव्हाला भुरी रोग येतो त्यात एका जनुकाचा हात असतो, ते बंद पाडलं की भुरी लागत नाही. सातूत, म्हणजे बार्लीत, एकच प्रत, बंद पडली की लगेच दिसतं, त्यामुळे तिथे ते फार आधी सापडलं. गव्हात एक प्रत मोडली तर उरलेल्या दोघी काम ओढून नेतात, काही कळतच नाही. शेवटी २०१४ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी तिन्ही प्रती एकाच झाडात मोडल्या तेव्हा भुरीला चांगला प्रतिकार दिसला.

द्राक्षबाग_तासगाव

भुरी शब्द वाचला आणि झोप उडाली. आमच्या बिनबियांच्या द्राक्षाचंही हेच का? तीन-तीन संच?

सरकीशास्त्री

नाही. गव्हात प्रत्येक संच जोडीने असतो, इथे मी एकेरी संच मोजतोय. थॉमसन वगैरे द्राक्षं साधी दोन संचांची. बी धरतं पण पोटातच वाढ थांबते, तो वेगळा प्रकार. तीन संचांमुळे बी नाही अशी उदाहरणं म्हणजे केळी आणि बिनबियांचं कलिंगड. केळ्यांत बसराई, ग्रँड नैन तीन ए वाली. आपली वेलची केळी मात्र दोनच संचांची, एक 'ए', एक 'बी' (ही केळ्यांची आपली नावं). कलिंगडात ४४ वालं आणि २२ वालं क्रॉस करून ३३ वालं बी मिळवतात. बी महाग, उगवण नखरेल, आणि शेतात मधूनमधून साध्या कलिंगडाच्या ओळी लावाव्याच लागतात, नाहीतर परागकणाअभावी फळच बसत नाही.

टवाळ

म्हणजे काकांच्या झाडाला कलिंगड आलं असतं तर लाखात विकलं असतं. बोंडाचा हट्ट कशाला?

रुईकर_नागपूर

सगळे जनुकात रमलेत. मूळ मुद्दा असा की गावरान सोडून आपण अमेरिकनच्या मागे लागलो आणि आज फवारणीवर फवारणी. स्वातंत्र्याच्या वेळी देशात बहुतेक कापूस देशीच होता. गावरानला जाडाभरडा म्हणून हिणवतात, पण ढाक्याची मलमल कशाची होती? देशीचीच.

सरकीशास्त्री

भावना समजते, मलमलीचं खरं आहे. पण गावरानचं बोंड लहान, वेचणीची मजुरी जास्त, बोंड फुटल्यावर कापूस लवकर जमिनीवर ओघळतो, आणि बहुतेक देशी वाणांचा धागा आखूड. आजच्या सूतगिरण्या लांब धाग्याच्या मापाने बसवलेल्या. अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांत देशीवर चांगलं काम झालंय, पण बाजार एका रात्रीत वळत नाही.

रुईकर_नागपूर

बाजार वळवणारे कोण, तेही सांगा कधीतरी.

वेल्हाळ

मला एक मूलभूत शंका. सगळे 'हायब्रीड, हायब्रीड' म्हणतात. दुकानातली पिशवी हायब्रीड, काकांचं झाड हायब्रीड, आणि सरकीशास्त्री म्हणतात अमेरिकन कापूस मुळातच हायब्रीड. मग फरक काय? आणि दुकानातली सरकी पुढच्या वर्षी पेरता का येत नाही?

सरकीशास्त्री

धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न.

दुकानातलं हायब्रीड म्हणजे ५२ वाल्या दोन वाणांचा संकर. १९७० मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी एच-४ काढला, व्यापारी पातळीवर पेरलेला कापसाचा जगातला पहिला संकरित वाण. दोन्ही आईबाप अमेरिकन. १९७२ मध्ये धारवाडहून वरलक्ष्मी आला, त्यात अमेरिकन आणि इजिप्शियन, जाती वेगळ्या पण दोन्ही ५२ च्या, दोघांत ए-डी. म्हणून जोड्या लागतात, बोंडं भरतात. पण पुढच्या पिढीत आईबापांचे गुण फुटून वेगवेगळे होतात, शेतात काही झाडं उंच, काही बुटकी, जोम गेला. म्हणून सरकी राखून उपयोग नाही.

अमेरिकन कापसाच्या आतला ए-डी संकर मात्र फुटत नाही. ए ची जोडी ए शीच लागते, डी ची डी शी. त्यामुळे प्रत्येक झाडाला दोन्ही संच पूर्णच मिळतात, पिढ्यानपिढ्या. तो कायमचा कुलूपबंद संकर आहे. दुप्पट होण्याचा खरा फायदा हाच.

जाताजाता बीटीचं. बीटी म्हणजे कापसात बाहेरून घातलेलं, बोंडअळीला मारणारं जनुक. ते बहुतेक संकरात एकाच पालकाकडून येतं. म्हणून संकरित झाडाच्या बोंडात ज्या सरक्या तयार होतात त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्यात बीटी नसतं. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. पुढचं काय बोलायचं.

शंकासुर

हे पटलं. पण मूळ दावा अजून हवेत आहे. संच एकत्र आल्याने *फायदा* होतो याचा पुरावा? फक्त वाटण्या सांगून झाल्या.

जास्वंदी

दोन पुरावे देते, एक कापसाबाहेरचा, एक कापसातला.

मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं एक किरकोळ तण प्रयोगशाळांचं लाडकं आहे. त्याच्या दोन जातींचा दुप्पट केलेला संकर घेतला. दोन्ही पालकांच्या सरासरीने जे अपेक्षित होतं त्यापेक्षा वेगळं वागणारी जनुकं साधारण ५ टक्के निघाली, त्यांतली बहुतेक दबलेली. मग जोम कुठून? २००९ मध्ये जेफ्री चेन यांच्या गटाने दाखवलं की झाडाच्या दिवस-रात्रीच्या घड्याळातली दोन मुख्य जनुकं संकरात दिवसा जास्त दबलेली असतात. ती दबली की त्यांच्या हाताखालची, हरितद्रव्य आणि स्टार्च बनवणारी जनुकं मोकळी होतात. झाड दिवसा जास्त साखर बनवतं. काहीतरी *बंद* झाल्याने जोम आला, हे मला आजही विलक्षण वाटतं.

कापसातला पुरावा तर शेतकऱ्याच्या रोजच्या अनुभवातला. रानटी अमेरिकन कापूस दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. आपल्या शेतातला ऑगस्टमध्येच पात्यांवर, म्हणजे कळ्यांवर येतो. २०१७ मध्ये दिसलं की फुलायला मदत करणाऱ्या एका जनुकाची डी प्रत रानटी झाडात मिथाइलच्या कुलपात होती, आणि शेतीतल्या कापसात ते कुलूप निघालेलं आहे. डीएनएचं अक्षर बदललं नाही, कुलूप उघडलं. कोणा पूर्वजांनी लवकर फुलणारी झाडं निवडत नेली, आणि नकळत कुलूप उघडलेली प्रत निवडली.

धाग्याचंही घ्या. रानटी डी कापसाला कातता येईल असा धागाच नाही, नुसती लव. तरीही अमेरिकन कापसाचा धागा ए पूर्वजापेक्षा लांब, आणि धाग्याच्या गुणांशी निगडित बऱ्याच जागा डी संचात सापडतात. ज्या घरात कधी सूत निघालं नाही त्या घरची सून इथे येऊन चांगलं सूत काढायला लागली. (शंकासुर, उपमा परत आली, माफ करा.)

शंकासुर

उपमेसकट मान्य.

फोडणी

मोहरीचा उल्लेख आला म्हणून. आपल्या फोडणीतली मोहरी ही पण दोन जातींचा जुना संकर आहे. १८ आणि १० च्या जोड्या... आकडे विसरले.

जास्वंदी

८ आणि १० च्या जोड्या, मिळून १८. काळी मोहरी आणि सलगमच्या गोतातली. जपानमध्ये काम करणाऱ्या नागाहारू यू यांनी १९३५ मध्ये तीन मूळ जाती आणि त्यांचे तीन संकर एका त्रिकोणात मांडले, ती आकृती अजून शिकवतात. आडनाव एकाच अक्षराचं.

निवृत्त_मास्तर

मोहरीवरून आठवलं. आम्ही वर्गात कार्पेचेंको यांची गोष्ट सांगायचो. या रशियन माणसाने मुळा आणि कोबी यांचा संकर करून गुणसूत्रं दुप्पट झालेलं फळतं झाड मिळवलं. मुलं विचारायची, सर, खाली मुळा आणि वर कोबी? मी म्हणायचो, नशीब बघा, खाली कोबीची मुळं आणि वर मुळ्याचा पाला. वर्ग हसायचा. पुढचं सांगत नसे. १९४१ मध्ये स्टालिनच्या राजवटीत त्यांना गोळ्या घातल्या.

वणीकर (१९ ऑक्टोबर)

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं काकांना फोनवर वाचून दाखवलं, जमेल तसं. मोहरीपर्यंत त्यांनी हूं हूं केलं. अमेरिकनमध्ये गावरानचंच अर्धं रक्त आहे म्हटल्यावर थांबवलं. "म्हणजे मी पुतणीचं लग्न चुलत्याशी लावलं काय बे?"

आता विचारतायत, दुप्पट करायचं ते औषध कुठे मिळतं.

सरकीशास्त्री

कोल्चिसीन घरी आणू नका. जालीम विष आहे, आम्ही हातमोजे घालून कोवळ्या शेंड्याला लावायचो आणि तरीही दहातला एखादा शेंडा दुप्पट व्हायचा, बाकी मरायचे.

मीनल_साताऱ्याची

कोल्चिसीन म्हणजे कळलावीच्या कंदात असतं तेच ना? आमच्या डोंगरात पावसाळ्यात दिसते, लाल-पिवळी, ज्वाळेसारखी.

सरकीशास्त्री

तेच. कंदातही आणि बियांतही. अजिबात हात लावू नका.

टवाळ

दोन जावा गुण्यागोविंदाने नांदाव्यात म्हणून कळलावी आणायची! ह्या शास्त्राला माझा साष्टांग.

सरकीशास्त्री

टवाळ, आज पहिल्यांदा हसलो.

वणीकर, औषधाशिवाय एक वाट आहे, निसर्गाने बहुधा तीच वापरली. वांझ झाडात क्वचित एखादं अंडं अर्धं न होता सगळीच्या सगळी ३९ गुणसूत्रं घेऊन बसतं. त्यावर अमेरिकनचा परागकण पडला तर ३९ अधिक २६, म्हणजे ६५ वाली सरकी मिळू शकते. ती पुन्हा अमेरिकनशी क्रॉस करत गेलं की हळूहळू ५२ जवळ येतं, आणि वाटेत गावरानचे काही गुण टिकतात. काकांच्या त्या झाडावर रोज सकाळी अमेरिकनचा पराग फिरवा. नर काढायची गरज नाही, त्याचे स्वतःचे परागकण पोचटच आहेत. पण पिशवी घाला आणि फुलं मोजा. आणि जमलं तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत कोणाला तरी दाखवा, देशी आणि रानटी कापसाचा संग्रह आहे त्यांच्याकडे.

रुईकर_नागपूर

दाखवायला आणणार असाल तर कळवा, स्टेशनवर घ्यायला येतो. गावरानची सरकीही घेऊन या.

वणीकर (३ नोव्हेंबर)

अपडेट. दिवाळीला गेलो होतो. काकांनी वहीच केली आहे. तारीख, फुलं, गळली. काल सकाळपर्यंत २१२ फुलं. झाडावर जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या लटकतायत, येणारे-जाणारे नवस बोललाय का विचारतात.

२१२ पैकी २०९ गळली. एक मी फोटो काढताना मोडलं, त्यावर बोलणी खाल्ली. दोन अजून आहेत, अकरा दिवसांची, सुपारीएवढी. काका हात लावू देत नाहीत. गळली तर कळवतो.